गोलकीपर मधेच उभा राहिला तर

माईकचा आवाज मागं येतोय ना? येतोय. बरं. पत्रिकेवर विषय छापलाय 'पेनल्टीचं मानसशास्त्र : पाच तंत्रं'. ती पाच तंत्रं मी सांगणार आहे, देवाशप्पथ, पण त्याआधी मला दुसरंच एक बोलायचंय, जे गेले आठ-नऊ महिने डोक्यात फिरतंय आणि घरी इतक्या वेळा सांगून झालंय की आता मी 'गोलकीपर' म्हटलं की आई टीव्हीचा आवाज वाढवते. तुम्ही स्वतःहून आलाय, वर पंखा आहे, खाली चहा आहे, त्यामुळं तुम्हाला सांगते.

आधी हात वर करा बघू. आपल्या कोल्हापूरच्या तालमींच्या फुटबॉल टीम, त्यातल्या पीटीएमचे, म्हणजे पाटाकडील तालमीचे, किती? हां, अपेक्षेप्रमाणं. शिवाजीचे? हे बघा, लगेच शिट्टी. दिलबहार? प्रॅक्टिस? खंडोबा? आणि 'आम्हाला फुटबॉलमधलं काय कळत नाही' म्हणणारे? त्या दोन काकू. काकू, तुम्ही माहेरच्या कुठल्या? सांगलीच्या. मग ठीक आहे.

म्हणजे तालीम म्हणजे काय हे इथं सांगायला नको. पुण्यात हॉस्टेलला हे समजावताना मला घाम फुटायचा, की अगं तालीम म्हणजे कुस्तीचीच, लाल मातीची, मारुतीची मूर्ती असलेली, पण तिची फुटबॉल टीम असते आणि दिवाळीनंतर सीझन सुरू झाला की शाहू स्टेडियमवर बसायला जागा मिळत नाही. रूममेट म्हणाली, म्हणजे पैलवान फुटबॉल खेळतात? मी म्हटलं, नाही गं. मग थोडा विचार करून म्हटलं, कधीकधी हो.

तर मी कोण. मी सायकॉलॉजीत एमए केलं, आता स्पोर्ट्स सायकॉलॉजीचा कोर्स करतेय, आणि त्यात ठराविक तास मैदानावर काढावे लागतात, कुणीतरी अनुभवी माणूस वरनं लक्ष ठेवून असतो, त्याला सुपरव्हिजन म्हणतात. माझ्या सुपरव्हायझर पुण्यात आहेत, दर गुरुवारी रात्री फोनवर माझी हजेरी घेतात. म्हणजे मी ट्रेनी. गाडीला मागं लाल 'एल' लावतात ना, तशी मी. इलाज करायचा मला अधिकार नाही, कुणाचं काही गंभीर दिसलं तर योग्य माणसाकडं पाठवणं एवढंच माझं काम. आणि पगार? तो प्रश्न माझे बाबा रोज विचारतात, तुम्ही तरी विचारू नका. स्वयंसेवक आहे मी. पेट्रोल पण माझंच.

एका तालमीच्या बारा-तेरा वर्षांच्या पोरांसोबत मी होते. तालमीचं नाव सांगणार नाही, कारण मला त्या पेठेतनं रोज जायचं असतं. बावीस पोरं, एक कोच, एक बॉलची जाळी, आणि तिसऱ्या दिवसापासनं मी, प्लॅस्टिकचे कोन मांडणारी, टीम ओळखायची रंगीत बिब गोळा करणारी, पाण्याच्या बाटल्या भरणारी. हसू नका, कोर्सच्या पुस्तकात 'विश्वास संपादन करणे' असं एक आख्खं प्रकरण आहे, आणि ते माझ्या अनुभवानं पाण्याच्या बाटल्या भरण्यापाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं. पहिल्या दिवशी पोरांनी मला नाव ठेवलं 'डोक्याच्या मॅडम'. एका आईनं बाजूला घेऊन सांगितलं, माझ्या पोराला तसलं काय नाही हं, तो फक्त जरा शांत आहे. आणि कमिटीतले एक दादा दुसऱ्याच आठवड्यात म्हणाले, मॅडम, जी पोरं मनानं कच्ची आहेत त्यांची तेवढी एक यादी द्या, म्हणजे टीम काढायला सोपं. मी म्हटलं दादा, तेच तर देता येत नाही, पोरानं मला सांगितलेलं मी दुसऱ्याला सांगायचं नसतं, त्याच्या जिवाला धोका असेल किंवा कुणी त्याला त्रास देत असेल तर गोष्ट वेगळी. ते म्हणाले, मग तुमचा आम्हाला उपयोग काय? वर्षभर ह्या प्रश्नावर मी झोपेत उत्तरं दिलीत.

प्रश्नावलीचं सांगते, हे पाच मिनिटं खाईल पण सांगते. कोर्सला एक प्रश्नावली होती, इंग्रजी, मॅचआधी किती टेन्शन येतं ते मोजायची. मी रात्रभर बसून मराठी केली. छान केली, मला वाटलं. 'मला ताण जाणवतो', एक ते चार, गोल करा. एका पोरानं चारला गोल केला, मला वाईट वाटलं, त्याला बाजूला बसवलं, म्हटलं बाळा, ताण कधी येतो? म्हणाला, पळताना. कुठं येतो? म्हणाला, मांडीत. मागनं. आणि उठून दाखवलं. बावीसपैकी निम्म्यांनी तो प्रश्न स्नायूचा समजून सोडवला होता. मग मी प्रश्नावली बॅगेत टाकली आणि नुसतं विचारलं, मॅचच्या आधी काय काय होतं रे? तर काय शब्द आले बघा, पोटात गोळा येतो, हात गार पडतात, सारखं लघवीला लागतं, छातीत धडधडतं, घसा सुकतो, एक म्हणाला मॅडम मला तर सगळं लांब लांब दिसायला लागतं. आख्खं पुस्तक त्या एका वाक्यात आहे, लक्ष कसं आक्रसतं किंवा सुटतं ते. 'ताण' हा शब्द आपण मोठ्यांनी पेपरातनं उचललाय, पोरांच्या पोटात तो नाही, तिथं गोळा आहे.

आता माझा लाडका विषय. २००७ साली इस्रायलमधल्या काही संशोधकांनी, मायकेल बार-एली आणि मंडळी, एक अभ्यास छापला. जगातल्या मोठमोठ्या लीग आणि स्पर्धांतल्या २८६ पेनल्टी बघितल्या, म्हणजे समोर एकटा कीपर आणि एकानं थेट गोलवर मारायचं. मारणारा कुठं मारतो आणि कीपर कुठं उडी मारतो. तर मारणाऱ्यांनी जवळजवळ २९ टक्के बॉल मधे मारले होते. आणि कीपर मधे किती वेळा थांबला? फक्त ६.३ टक्के. बाकी सगळ्या वेळी डावीकडं नाहीतर उजवीकडं झेप. आणि बॉल अडवायचं प्रमाण? उडी मारली तर शंभरात बारा ते चौदा, मधे थांबला तर तेहतीस. म्हणजे दुपटीपेक्षा जास्त! तरी कोणी थांबत नाही.

आता मागच्या रांगेतला कोणीतरी म्हणणार की सगळे कीपर मधे थांबायला लागले तर मारणारे कोपऱ्यातच मारतील. बरोबर आहे तुमचं, मधे थांबणं हा काय मंत्र नाही. मला त्यातलं 'का' आवडतं. कीपर का थांबत नाही? कारण उडी मारून गोल झाला तर लोक म्हणतात, बिचाऱ्यानं प्रयत्न केला, बॉलच तसला होता. उभा राहून गोल झाला तर म्हणतात, हलला पण नाही! त्यांनी कीपरना विचारलं सुद्धा, आणि ज्यांना फरक वाटत होता त्यातल्या बहुतेकांना उभं राहून खाल्लेला गोल जास्त लागतो असं निघालं. अकरा मीटरवरनं बॉल अर्ध्या सेकंदात येतो, त्या अर्ध्या सेकंदात सुद्धा माणूस लोक काय म्हणतील हे धरून उडी मारतो. १९७६ ला बेलग्रेडला युरोपच्या फायनलमध्ये पानेंका नावाच्या खेळाडूनं ह्यावरच तर आपलं नाव कोरलं. धावत आला, पश्चिम जर्मनीचा कीपर उडी मारून मोकळा झाला, आणि ह्यानं अलगद मधे टाकला, भेळेवर शेव टाकल्यासारखा.

ह्या रोगाला 'काहीतरी केलंच पाहिजे' म्हणते मी, आणि माझं म्हणणं असं आहे की हा रोग गोलपोस्टमधल्या पोराला नंतर होतो, आधी लाईनच्या बाहेर उभं राहिलेल्या मोठ्यांना होतो.

कधी बारा वर्षांच्या पोरांची मॅच बघायला गेलाय? पोरांकडं नका बघू, लाईनकडं बघा. पास दे. देऊ नको. मार! अरे मारतोस कशाला! मागं ये, पुढं जा, बघ की, झोपलायस काय. एका मॅचला मी वहीत नुसत्या रेघा मारल्या, किती सूचना आल्या बाहेरनं, पहिल्या दहा मिनिटांत वहीचं पान भरलं आणि माझं पेन संपलं. पोरं विचारतात, मॅडम काय लिहालाय सारखं? मी म्हटलं काही नाही, हिशेब. आणि ही सगळी चांगली माणसं आहेत हो. पोरांना बूट घेऊन देणारी, स्वतःची कामं बुडवून आलेली. पण गप्प उभं राहिलं तर आपण बाप कसले, असं त्यांना वाटतं. म्हणून उडी.

त्यातनं सगळ्यांच्या डोक्यात अनिकेत जाधव. आपल्या कोल्हापूरचा पोरगा, रिक्षा चालवणाऱ्या वडिलांचा, २०१७ ला भारताकडनं सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला, अभिमान मलाही आहे. पण त्या टीममध्ये २१ पोरं होती. आख्ख्या देशातनं २१. आणि आमच्या एका मैदानावर सकाळी सात वाजता अनिकेतचे बावीस वडील उभे असतात.

'दडपणातच माणूस घडतो' म्हणणाऱ्यांसाठी उंदराची गोष्ट. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन ह्या दोघांनी उंदरांना पांढऱ्या आणि काळ्या पेटीतला फरक शिकवला, चुकला की विजेचा झटका. फरक सोपा होता तेव्हा जोरात झटका दिला तर उंदीर लवकर शिकला. फरक बारीक केला तेव्हा जोरात झटका दिला तर उंदीर शिकायचंच विसरला, मधला झटका बरा पडला. आता बारा वर्षांच्या पोराला ऑफसाईड, मार्किंग, डावा पाय हे सोपं आहे की अवघड? आणि त्याच वेळी त्याच्या कानात काका ओरडतायत. उंदराला तरी दोनच पेट्या होत्या.

आता भिंतीची गोष्ट. ह्यातलं ओळखू येईल असं मी थोडं बदलून सांगतेय, आणि सांगू का म्हणून त्याला आणि त्याच्या घरी विचारलंय.

आमचा गोलकीपर. पोरं त्याला 'भिंत' म्हणायची, आधी कौतुकानं. मग एका लीग मॅचला साधा, सरपटत आलेला बॉल त्याच्या दोन पायांमधनं आत गेला. तिथनं पुढं तीच पोरं त्याला 'खिडकी' म्हणायला लागली. पोरं म्हणजे पोरं. दोन आठवड्यांनी ह्याचं रविवारी सकाळी पोट दुखायला लागलं. फक्त रविवारी. आईनं ओवा दिला, डॉक्टरांकडं नेलं, डॉक्टर म्हणाले पोट चांगलं आहे.

मला वाटलं, आली आपली केस! काय काय केलं म्हणून सांगू. श्वास शिकवला, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. डोळे मिटून मनातल्या मनात बॉल पकडायला लावला, बाकीची पोरं पण बसली, एक जण खरंच झोपला आणि घोरला, ते सेशन तिथं संपलं. कार्ड करून दिलं, लॅमिनेट करून, एका बाजूला हिरवं एका बाजूला लाल. हा मुलगा सगळं करायचा, शहाणा होता, मला वाईट वाटू नये म्हणून करायचा. आणि पुढच्या रविवारी पोट दुखायचं.

गुरुवारी माझ्या सुपरव्हायझर मॅडमना सगळा रिपोर्ट दिला, कार्डाचा फोटो पण पाठवला. त्या ऐकून घेतात आणि मग एकच प्रश्न विचारतात, हा त्यांचा दुर्गुण आहे. म्हणाल्या, त्याला सगळ्यात वाईट काय वाटतं हे तू त्याला विचारलंस का, की तूच ठरवलंस? मी ठरवलं होतं. गोल खायची भीती. अजून काय असणार?

शनिवारी प्रॅक्टिस संपल्यावर मैदानाच्या कडेच्या पायरीवर, सगळ्यांना दिसेल असं बसून, लहान मुलांशी बोलताना असंच बसायचं असतं हा नियमच आहे आणि चांगला नियम आहे, मी विचारलं. तो ग्लोव्हजचं वेल्क्रो उघडत होता, लावत होता, उघडत होता. चर्र चर्र. बऱ्याच वेळानं म्हणाला, 'गाडी.'

मला वाटलं ॲक्सिडेंट झाला होता की काय. नाही. मॅच संपल्यावर घरी जातानाची गाडी. वडील पुढं, हा मागं, मैदान ते फुलेवाडी, वीस मिनिटं. पहिल्या मिनिटाच्या बॉलपासनं सुरुवात. तू पुढं का आलास, हात खाली का नव्हते, तो दुसऱ्या टीमचा कीपर बघ. आणि वाऱ्यात अर्धं ऐकू येत नाही, मग वडील परत सांगतात, मोठ्यानं, सिग्नलला आजूबाजूचे बघतात. म्हणाला, 'मॅडम, बाबांनी डावा आरसा आत वळवलाय. त्यात मी दिसतो त्यांना. म्हणून रडता पण येत नाही.'

मॅचमधला गोल एका सेकंदाचा होता. गाडीवर तो वीस मिनिटं चालू होता.

मग मी वडिलांना भेटले. आणि कशी भेटले? 'पालकांसाठी दहा सूचना' असं छापून घेऊन! परत उडी. ते शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत आहेत, नाईट शिफ्टवरनं थेट आलेले, डोळे लाल. कागद घेतला, पूर्ण वाचला, चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, 'मॅडम, आठवडाभर मी येतो तेव्हा ते शाळेत, ते येतं तेव्हा मी झोपलेला. रविवारची ती वीस मिनिटंच आम्ही दोघं असतो. मॅचचं नको म्हणताय, बरं, नाही बोलत. पण मग बोलू काय? मला त्याचं दुसरं काहीच माहीत नाही.'

माझ्याकडं दहा सूचना होत्या, अकरावी नव्हती.

तरी आम्ही एक ठरवलं. रंकाळा मागं पडेपर्यंत मॅचचा विषय वडिलांनी काढायचा नाही. पोरानं काढला तर ऐकायचं. त्यांनी मान हलवली. मी खूश, गुरुवारी मॅडमना विजयाची बातमी. आणि पुढच्या शनिवारी भिंत माझ्याकडं आली, रडवेली, म्हणाली, म्हणजे म्हणाला, 'बाबा बोलतच नाहीत ओ. आख्ख्या रस्त्यात एक शब्द नाही. लई चिडलेत.'

घ्या. बाप बिचारा शब्दाला जागला, वीस मिनिटं दातावर दात ठेवून गाडी चालवली, आणि पोरानं आरशात त्याचे आवळलेले दात बघितले. आमच्याकडं घरात बाप गप्प बसला की त्याचा अर्थ एकच असतो, हे मला, इथंच वाढलेल्या मुलीला, सुचू नये? गप्प बसा म्हणणं ही पण माझी उडीच होती.

शेवटी मार्ग वडिलांनीच काढला, माझा त्यात काडीचा वाटा नाही. त्यांनी रंकाळ्यावर गाडी थांबवली आणि विचारलं, 'भूक लागल्या काय?' दोघांनी भेळ खाल्ली. दुसऱ्या रविवारी परत. तिसऱ्या रविवारी पोरानं भेळवाल्याचा कांदा कापायचा वेग मोजला म्हणे, आणि त्यावर बापलेक घरापर्यंत बोलत गेले. रविवारचं पोट एकदम थांबलं नाही, कमी झालं. ओवा अजून घरात आहे.

हे एका पोराचं म्हणून सोडून द्याल, तर अमेरिकेत सिएटलला स्मिथ आणि स्मोल ह्या दोघांनी लहान मुलांच्या बेसबॉलच्या कोचवर वर्षानुवर्षं काम केलं. कोचना शिकवलं काय, तर चूक झाली की आधी धीर द्या, मग कसं करायचं ते सांगा, प्रयत्नाला दाद द्या, ओरडणं बंद. पुढं १९९२ ला छापलेल्या अभ्यासात न शिकलेल्या कोचची २६ टक्के पोरं पुढच्या वर्षी आलीच नाहीत, शिकलेल्या कोचची फक्त ५ टक्के गळली. आणि गंमत म्हणजे मॅचेस दोन्हीकडं सारख्याच जिंकल्या-हरल्या. म्हणजे ओरडून जास्त कप आले असते तर मी म्हटलं असतं चला, निदान कप तरी. कप पण नाही!

ही चिठ्ठी आली. 'दहा मिनिटं.' अहो, आत्ता तर सुरू केलं. बरं, शूटआउट सांगते आणि लगेच तंत्रांवर येते.

तेरा वर्षांखालची स्थानिक स्पर्धा, सेमीफायनल, एक-एक अशी बरोबरी, म्हणून शूटआउट, दोन्हीकडनं पाच-पाच पेनल्टी. मी लाईनवर, पाण्याच्या बाटल्या धरून. २८६ पेनल्टींची गोष्ट मी पोरांना आधी सांगितली होती, गोष्ट म्हणूनच, एका पावसाच्या दिवशी मैदानात तळं साचलं होतं म्हणून. तर भिंत पोस्टमध्ये. पहिली पेनल्टी, उडी उलट्या बाजूला. दुसरी, उडी उलट्या बाजूला. तिसऱ्याला हा उभा राहिला. मधे. हात थोडे बाहेर, गुडघे वाकवलेले. आणि बॉल त्याच्या उजव्या हाताला, पोस्टला घासून आत.

आता लाईनवरचे आवाज ऐका. 'अरे हल की!' 'पुतळा हाय काय!' कमिटीतले ते यादीवाले दादा माझ्याकडं वळून बघत होते, जणू मीच गोल खाल्ला. चौथी समोरच्या टीमच्या पोरानं बारवरनं घालवली, पाचवी आत, आम्ही चार-तीन हरलो.

गुरुवारी मॅडमनी परत एकच प्रश्न विचारला. तो उभा राहिला, की गारठला? कारण बाहेरनं दोन्ही सारखंच दिसतं. एकानं थांबायचं ठरवलेलं असतं आणि दुसऱ्याचं शरीर भीतीनं जागच्या जागी थिजलेलं असतं, आणि माझी गोष्ट ऐकून पोरगं थिजलं असेल तर मी त्याचं नुकसान केलेलं असतं. दोन रात्री मला झोप नाही. शनिवारी विचारलं. म्हणाला, 'उडी मारताना डोळे मिटतात ओ माझे. ह्यावेळी मिटले नाहीत. सगळा बॉल दिसला, आत जाईपर्यंत.' आणि हसला. गोल खाल्लेला सांगताना हसला.

हो हो, बघितली चिठ्ठी. पाच मिनिटं.

तंत्रं. पटापट. पेनल्टी मारणाऱ्यांसाठी आधी. शिट्टी झाली की लगेच पळत सुटू नका. नॉर्वेच्या गेइर योर्डेट ह्यांनी मोठ्या स्पर्धांमधल्या शूटआउटचे व्हिडिओ बघून बघून दाखवलंय की जे शिट्टीनंतर घाईनं मारतात आणि कीपरकडं पाठ फिरवून स्पॉटवर जातात त्यांचं जास्त चुकतं, एकदाचं संपू दे म्हणून ते मारत असतात, आणि त्यात इंग्लंडचे पुढं होते. मग २०१८ ला इंग्लंडचा कोच कोण, साऊथगेट, ज्यानं स्वतः १९९६ च्या युरो सेमीफायनलला जर्मनीविरुद्ध पेनल्टी घालवली होती. त्यानं पोरांना थांबायला शिकवलं, कोण मारणार ते आधी ठरवलं, मानसशास्त्रज्ञ सोबत घेतली, आणि कोलंबियाविरुद्ध इंग्लंडनं वर्ल्ड कपमध्ये पहिल्यांदाच शूटआउट जिंकला. २०२१ च्या युरो फायनलला इटलीकडनं परत शूटआउटमध्येच हरले, हे पण सांगते, नाहीतर म्हणाल जादू आहे.

दुसरं, ठरलेली सवय. बॉल स्वतः ठेवायचा, चार पावलं मागं, एक श्वास, श्वास सोडताना लांब सोडायचा, कोपरा ठरवायचा आणि मग बदलायचा नाही. दर वेळी तेच आणि तेवढंच. सचिननं हे क्रिकेटमध्ये केलेलं तुम्ही आयुष्यभर बघितलंय, पाय फाकवून तो जे नीट करायचा ते.

तिसरं, 'नको' मधे बोलायचं नाही. वर मारू नको म्हटलं की वरच जातो. आपल्या वैद्यबुवांचं माकड आठवा, औषध घेताना माकड तेवढं आठवू नका. त्याऐवजी काय कर ते सांगा, 'खालनं, डावीकडं', दोन शब्दांत.

चौथं, प्रॅक्टिस दमल्यावर करा. ताज्या पायांनी, पोरं हसत असताना मारलेल्या पन्नास पेनल्टींपेक्षा पळून पळून दमल्यावर, सगळ्यांनी मधल्या लाईनपासनं एकट्यानं चालत येऊन, बाकीच्यांनी बघत असताना मारलेली एक बरी. त्या चालत येण्याची पण प्रॅक्टिस लागते, तिथंच पोटातला गोळा मोठा होतो.

पाचवं, गोळा घालवायचा नाही. तो असू दे. पोरांना सांगा की हात गार पडणं म्हणजे शरीर तयार होतंय, सगळ्यांचंच होतं, समोरच्या कीपरचं पण. त्याला नाव द्या हवं तर. आमच्यातला एक जण त्याला 'पाहुणा' म्हणतो, आला काय रे पाहुणा, आला, बस म्हणावं.

झाली पाच. मोजली मी. कीपरसाठी वेगळं लेक्चर लागेल, बोलवा.

मागनं विचारतायत भिंतीचं पुढं काय झालं. तो आता गोलकीपर नाही. ह्या सीझनला त्यानं स्वतः कोचना जाऊन सांगितलं, मला लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडनं बचावाला, खेळायचंय. कोच माझ्यावर नाराज आहेत, चांगला कीपर गेला म्हणून, आणि मला अजून कळलेलं नाही की मी त्याला मदत केली की कीपर घालवला. ग्लोव्हज त्यानं एका लहान पोराला देऊन टाकले. डावा आरसा अजून आत वळवलेलाच आहे, वडिलांना त्यावरनं एकदा पोलिसानं हटकलं पण, ते म्हणाले साहेब, मागं पोरगं असतं. रविवारी सकाळी सातला मॅच आहे, मी कोन घेऊन जायचे आहेत, सहाला उठायचंय. चहा गार होतोय, घ्या माईक.